बिअरच्या बरणीतला हापूस

न्यू जर्सीला मुलाकडे चार महिने राहून परतलेल्या एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र माझ्यापुढे आहे. मुलाला व सुनेला घरीच बिअर करण्याचा छंद जडला आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात काचेची भलीमोठी बरणी, तिच्या तोंडाशी बुडबुडे सोडणारी नळी, आणि यंदा त्या बरणीतील २० लिटर बिअरमध्ये हापूसच्या रसाचे डबे ओतलेले. ‘आई, हा आमरसच आहे, फक्त आंबवलेला,’ असे मुलाचे म्हणणे. भगिनींचे यजमान ६८ वर्षांचे. युरिक आम्ल वाढलेले, रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू. मुलाच्या हौसेखातर त्यांनी दोन-तीन वेळा पेलाभर घेतली. पुढे एका रात्री कपाटातील एक बाटली मोठा आवाज करून फुटली आणि काचेचे तुकडे कपाटाबाहेरच्या भिंतीपर्यंत उडाले. फळ घातल्याने ही बिअर खरोखरच पौष्टिक होते का, घरी आंबवलेल्या मद्यातून विषबाधा संभवते का, आणि सहा वर्षांच्या नातवाच्या घरात हे सारे असावे का, असे तीन प्रश्न भगिनींनी विचारले आहेत.

कौटुंबिक आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात बिअरची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ‘घरचे’, ‘फळांचे’ आणि ‘नैसर्गिक’ ही विशेषणे एकत्र आली की भल्याभल्यांची सावधगिरी झोपी जाते, हा माझा अनुभव आहे; आणि परदेशी मुलाबाळांकडे जाऊन येणारे आईवडील आता घरोघरी आहेत. कायद्याविषयी एक खुलासा आधीच करतो. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला करमुक्ती मिळाली. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, आणि विक्रीला मनाई, अशी त्याची मर्यादा आहे. ब्रिटनने हीच मोकळीक १९६३ साली दिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढील मजकूर इथे करून पाहण्याची कृती म्हणून कोणी वाचू नये.

फळ घातलेल्या बिअरची नामांकित परंपरा बेल्जियममधली. ब्रुसेल्सच्या परिसरात, सेन नदीच्या खोऱ्यात, थंडीच्या दिवसांत धान्याचा उकळलेला काढा रात्रभर उघड्या पसरट हौदात निवत ठेवतात. हवेतली आणि लाकडी पिंपांत वस्ती करून असलेली सूक्ष्म किण्वे तो आंबवतात. या ‘लाम्बिक’ नावाच्या बिअरला पिंपात महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ मुरू दिल्यावर तिच्यात आंबट चेरी अख्खी, बियांसकट घालतात. प्रमाण लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक. आणखी काही महिन्यांनी जे पेय हाती येते ते ‘क्रीक’. फ्लेमिश बोलीत या आंबट चेरीचेच ते नाव आहे. रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा, बियांतून उतरलेला किंचित बदामी वास, आणि चव कोकमाच्या आगळासारखी जीभ आकसवणारी. अस्सल क्रीक पहिल्यांदा पिणारा दचकतो, कारण चेरी म्हटल्यावर जिभेने गोडीची वाट पाहिलेली असते आणि गोडी तिथे जवळपास नसतेच. बाजारात याच नावाने मिळणाऱ्या गोड बाटल्यांत साखर किंवा रस मागाहून घातलेला असतो.

ही गोडी जाते कोठे, हे कळले म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

बिअरचा पाया म्हणजे मोड आणून भाजलेले सातू. त्यांच्या काढ्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुले उकळतात आणि तो निवाला की यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करते. १ ग्रॅम साखरेतून सुमारे अर्धा ग्रॅम मद्यार्क आणि जवळजवळ तेवढाच वायू निघतो. सातूची साखर संपत आली की यीस्ट मंदावते. अशा वेळी फळ घातले तर त्याच्यासमोर नवे ताट वाढल्यासारखे होते. सातूतल्या साखरेपेक्षा फळातली साखर साधी, म्हणजे पचवायला सोपी. यीस्ट ती पहिल्यांदा फस्त करते.

थोडे गणित करून पाहू. ५ टक्के मद्यार्क असलेल्या २० लिटर बिअरमध्ये ३ किलो आंब्याचा गर घातला. आंब्यात शंभर ग्रॅमला सुमारे १४ ग्रॅम साखर असते, म्हणजे ४२० ग्रॅम साखर आत गेली. ती सारी आंबली तर सुमारे २१० ग्रॅम, आकारमानाने २७० मिलिलिटर, मद्यार्क नव्याने तयार होतो. गरातील पाण्याने बिअर थोडी पातळ होते हे जमेस धरले तरी एकूण प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे आंब्याने बिअर सौम्य न होता कडक झाली. आंब्याऐवजी तेवढ्याच रासबेरी घातल्या असत्या, तर त्यांत साखर शंभर ग्रॅमला जेमतेम ४-५ ग्रॅम आणि पाणी भरपूर असल्यामुळे प्रमाण ५ टक्क्यांच्या किंचित खालीच आले असते. म्हणून ‘फळाची बिअर हलकी’ हे विधान फळाचे नाव विचारल्याशिवाय मान्य करू नये. त्यात आपल्याकडून निर्यात होणाऱ्या रसाच्या पुष्कळ डब्यांत वरून साखरेचा पाक घातलेला असतो. डब्यावरील घटकांची यादी वाचल्याखेरीज वरचे गणितही तोकडे पडेल.

साखर गेली म्हणून उष्मांक गेले असेही घडत नाही. साखरेचा १ ग्रॅम ४ उष्मांक देतो आणि त्यातून निघालेला अर्धा ग्रॅम मद्यार्क साडेतीन. आंब्याची ऊर्जा जवळजवळ सगळी पेल्यात राहते, फक्त ती आता यकृताला निस्तरावी लागते. फळाचा चोथा गाळासोबत तळाशी बसतो आणि बरणी धुताना मोरीत जातो. आंबा खाल्ल्याने पोटाला मिळणारा तंतुमय भाग असा वाया जातो. मागे उरतात ते रंग, आम्ल, सुगंध आणि थोडीफार रंगद्रव्ये. या रंगद्रव्यांच्या गुणांचा बराच गाजावाजा होतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने मद्यपेयांना १९८८ सालीच निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही असे स्पष्ट केले आहे. दोन चमचे रासबेरीच्या रंगाने हा हिशेब फिरत नाही. ‘मग आपले द्राक्षासव?’ असे विचारणारे वाचक मला ठाऊक आहेत. द्राक्षासव धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आंबते, त्यातही मद्यार्क आपोआप तयार होतो. पण ते वैद्याच्या सांगण्यावरून, चमच्याने मोजून, पाण्यातून घेण्याचे औषध आहे. पेला भरून गप्पा मारत द्राक्षासव घेणारा गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही.

आता यजमानांच्या प्रकृतीकडे वळू. युरिक आम्लाच्या रुग्णाला मद्यांतले सर्वांत अहितकारक कोणते असेल तर ते बिअर. मद्यार्क मूत्रपिंडातून युरिक आम्ल बाहेर पडण्यास अडथळा करतो, हे सर्वच मद्यांना लागू आहे. बिअरमध्ये त्यावर प्युरिन द्रव्यांची भर पडते, ज्यांचे शरीरात युरिक आम्लच बनते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे ४७,००० पुरुषांच्या १२ वर्षांच्या पाहणीत गाऊटचा धोका बिअर घेणाऱ्यांत सर्वाधिक वाढलेला आढळला. आंबा घातल्याने प्युरिन कमी होत नाही. उलट फळाची साखर पुरती आंबली नसेल तर तिच्यातील फ्रुक्टोजही युरिक आम्ल वाढवते. तेव्हा यजमानांनी हा पेला, मुलाचे मन राखण्यासाठीसुद्धा, घेऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. गाऊटचा झटका आलेल्या पायाच्या अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही.

गोळ्यांच्या संदर्भात एक फळ ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बिअरला कडसर-आंबट झाक यावी म्हणून हौशी मंडळी ग्रेपफ्रूटची साल आणि रस घालतात. आपल्या पपनसाचे हे जवळचे भावंड. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील संशोधक फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव झाकली जावी म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसातून दिले, आणि स्वयंसेवकांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी पटीने चढलेले पाहून चक्रावले. दोष रसाचा निघाला. या फळातील काही द्रव्ये आतड्यातील एका विकराला निकामी करतात, त्यामुळे औषध मोडले न जाता रक्तात शिरते. सिम्व्हास्टॅटिन, अटॉर्व्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही या यादीत आहेत, आणि पपनसाबाबतही हीच सूचना दिली जाते. आंबवल्याने ही द्रव्ये नाहीशी होत असतील अशा भरवशावर राहू नये. मुलाने पुढची खेप ग्रेपफ्रूटची करायचे ठरवले तर वडिलांनी तिच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना निराळा धोका असतो: मद्यार्क यकृताला रक्तात साखर सोडू देत नाही आणि पेल्यानंतर काही तासांनी, अनेकदा झोपेत, साखर एकदम खाली जाते.

विषबाधेची भीती आपल्याकडे स्वाभाविक आहे. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ते अजून मुंबईकरांच्या स्मरणात आहे. ते बळी मेथॅनॉलचे होते, आणि ते मेथॅनॉल कारखान्यात वापरण्याच्या रसायनातून दारूत आले होते. फळ आंबवताना अल्पसे मेथॅनॉल तयार होते हे खरे. मोरांबा किंवा पेरूची जेली ज्यामुळे घट्ट होते, त्या पेक्टिन द्रव्यातून ते सुटते. परंतु बिअरच्या बरणीत त्याचे प्रमाण विषबाधा होण्याइतके नसते. ऊर्ध्वपातन करून, म्हणजे भट्टी लावून अर्क काढण्याचा उद्योग मात्र कोणी हौसेखातर करू नये. रोगजंतूंचीही फारशी धास्ती नको, कारण आम्ल, मद्यार्क आणि हॉप्स यांच्यापुढे बहुतेक रोगजंतू टिकाव धरत नाहीत.

माझ्या मते या छंदातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका पत्राच्या मधल्या एका वाक्यात आला आहे, तो म्हणजे फुटलेली बाटली. भगिनींनी तिचा प्रश्नही केलेला नाही.

बिअरला फेस यावा म्हणून बाटली बंद करण्यापूर्वी लिटरमागे ६-७ ग्रॅम साखर मुद्दाम घालतात. ती बाटलीत आंबते आणि वायू द्रवात विरघळून राहतो. लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की द्रवाच्या आकारमानाइतका वायू तयार होतो, असा ढोबळ आडाखा आहे. साधी बिअरची बाटली आकारमानाच्या अडीच-तीन पट वायू निभावून नेते. आता वरच्या उदाहरणातला आंबा पाहा. ४२० ग्रॅम साखर म्हणजे लिटरला १८ ग्रॅमहून थोडी अधिक. उतावळेपणाने तिच्यातली निम्मीच आंबली असताना बाटल्या भरल्या, तर फेसासाठीच्या साखरेखेरीज आणखी ९ ग्रॅम आत कोंडली गेली. वायू चार पटींच्या वर चढतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या गॅरेजमध्ये दाब आणखी वाढतो. मग एखाद्या रात्री काच हार मानते. उडालेल्या काचेने डोळा जाऊ शकतो. मनगटाची शीर कापली जाऊ शकते. बाटली हातात असतानाही हे घडू शकते.

गराचे कण तळाशी शिल्लक असले तरी हाच घोटाळा होतो. ताज्या फळाच्या सालीवर रानटी किण्वे असतात. सातूतल्या ज्या जड साखरा नेहमीचे यीस्ट शिवत नाही, त्या ही किण्वे सावकाश, आठवड्यांनी आणि महिन्यांनी खात राहतात. म्हणून पहिल्या आठवड्यात नीट वाटलेली खेप तिसऱ्या महिन्यात फुटू शकते. फळांचे काही तयार रस सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट घालून टिकवलेले असतात, त्यांनी यीस्टची गती मंदावते आणि बरणी शांत झाल्याचा भास होतो. बुडबुडे थांबले म्हणजे काम संपले, हा समज त्यामुळेच घातक ठरतो. द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर नावाचे काचेचे स्वस्त उपकरण मिळते. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा मोजून आकडा तोच आला तरच बाटल्या भराव्यात. फळ घातल्यावर किमान दोन आठवडे तरी थांबावे असे मी म्हणेन, आणि बेल्जियमच्या लोकांचे महिने आठवले तर ही मुदत काहीच नाही. बाटल्या जाड काचेच्या, पुन्हा वापरण्यासाठी घडवलेल्या असाव्यात आणि झाकण असलेल्या भक्कम प्लॅस्टिकच्या खोक्यात ठेवाव्यात. खेपेतील एखादी बाटली प्लॅस्टिकची भरली तर ती दाबून आतला ताण बोटांना कळतो. ही साधी युक्ती मला फार पसंत आहे.

स्वच्छतेबाबत आपल्या लोणच्याच्या बरणीचा नियम इथे तसाच लागू पडतो. कैरीची फोड तेलाच्या वर डोकावली की बुरशी धरते. बिअरवर तरंगणारे फळही कोरडे पडले की तेच होते. बुरशीचा थर काढून खालचे वापरू नये, सगळी खेप टाकावी. फळ आधी गोठवल्याने त्याच्या पेशी फुटून रस चांगला सुटतो, पण गोठवण्याने सूक्ष्मजीव मरतात असे नाही. त्यासाठी गर ७०-७५ अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा लागतो; उकळी फुटू दिली तर पेक्टिनमुळे बिअर गढूळ होते आणि तिला मोरांब्याचा वास लागतो. डब्यातील रस मुळातच तापवून निर्जंतुक केलेला असतो, तेवढी मुलाची निवड बरी. काही जण फळावर गंधकयुक्त सल्फाइटच्या गोळ्या वापरतात, त्यांनी दम्याच्या काही रुग्णांना धाप लागू शकते. बिअर दाट व गोडसर लागावी म्हणून दुधातील लॅक्टोज साखर घालण्याची टूम आहे. यीस्ट ती खात नाही, आणि दूध न पचणाऱ्याचे पोट मग रात्रभर गुरगुरते. सातूतील ग्लुटेनही बिअरमध्ये उतरते, त्यामुळे सीलिॲकच्या रुग्णाने तिच्यापासून दूर राहावे. पाहुण्यापुढे पेला ठेवण्याआधी यजमानाने हे घटक सांगितले पाहिजेत.

नातवाबद्दल. सहा वर्षांचे मूल वास आणि रंग ओळखते, टक्केवारी नाही. केशरी रंगाचे, आंब्याच्या वासाचे, फेसाळ पेय शीतकपाटात खालच्या फळीवर असेल तर ते सरबतच समजणार. आपल्याकडील लग्नसमारंभांत ‘फ्रूट बिअर’ नावाचे मद्यार्कविरहित, भरपूर साखरेचे पेय मुलांच्या हाती सर्रास दिले जाते, आणि ‘बिअर म्हणजे मोठ्यांचे फसफसणारे सरबत’ ही ओळख तिथेच पक्की होते. मला ते नाव मुळीच आवडत नाही. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा बेताचा असतो. थोड्या मद्यार्कानेही त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीला उतरून त्याला झटके येऊ शकतात. मुलाने घोटभर जरी प्यायल्याची शंका आली आणि ते पेंगुळले, तोल जाऊ लागला किंवा घामेजले, तर ‘झोपू दे थोडे’ म्हणून वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बाटल्यांवर ठळक अक्षरांत मजकूर आणि तारीख असावी आणि कपाटाला कुलूप असावे. सुनेला दिवस राहण्याचा संभव असेल तर तिनेही तो पेला बाजूला ठेवावा. गरोदरपणात मद्याचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही.

शेवटचे, आणि पत्राचे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता आजच फोन करून मुलाला सांगावे असे: जी बाटली फुटली, तिच्याच खेपेतील बाकीच्या बाटल्या अजून त्या कपाटात असतील. त्यांना उघड्या हातांनी शिवू नये, हलवून पाहू नये, आणि नातवाला गॅरेजमध्ये येऊ देऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातांत जाड हातमोजे, अंगात जाड बाह्यांचा कोट घालून बाटल्यांवर प्रथम जाड घोंगडी टाकावी, मग एकेक सावकाश उचलून झाकणाच्या खोक्यातून शीतकपाटात ठेवावी. गारव्याने वायू द्रवात विरघळतो आणि दाब उतरतो. पूर्ण दिवस थंड झाल्यावर, तोंड दूर धरून, फडक्याखाली एकेक झाकण हळूहळू सैल करावे आणि आतली बिअर मोरीत ओतून द्यावी.